भिंतीवरचं हसरं पोर

१

सॉल्टपाँड बंदराच्या बाजाररस्त्यावर त्या सकाळी एकाही बाळाला तोंड उरलं नव्हतं.

कस्टम कचेरीची भिंत, चर्चचं कुंपण, लॉरीतळाचा पत्रा, जिथे जिथे मेडोक्वीन दुधाची जाहिरात चिकटवलेली होती तिथे तिथे बाळ आपलं बसलेलं होतं. अंगात लेसचं झबलं, हातात दुधाचा डबा, आणि मानेच्या वर एक चौकोनी भोक. भोकातून मागचा चुना दिसत होता. किनाऱ्यावरून माशांच्या टोपल्या घेऊन वर येणाऱ्या बायका जाहिरातीसमोर थबकत, छातीवर हात ठेवत आणि रस्ता बदलून जात.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. आधी दोनदा दुधाचे एजंट जोसेफ बेंटिल यांनी निमूटपणे नव्या जाहिराती चिकटवून घेतल्या होत्या. पण या वेळी टँडो फोटोग्राफरच्या स्टुडिओतून बाळाच्या फोटोची मूळ काच, जिच्यावरून प्रती काढतात तीसुद्धा नाहीशी झाली, तेव्हा बेंटिलनी निवृत्त सार्जंट क्वामेना यांक्सन यांना बोलावणं धाडलं.

यांक्सन एका गुडघ्याने लंगडत आले. पोलिसात असताना त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. चुकीचा माणूस आत गेला की यांक्सनना जेवण जात नसे. शिपाई त्यांची थट्टा करत, आणि घाबरतही.

"चोर तर सापडलाय म्हणे," यांक्सन खुर्चीत टेकत म्हणाले. "मग मी कशाला?"

"हात सापडलेत, सार्जंट. डोकं सापडायचंय." बेंटिलनी कॉलर सैल केली. "कोजो अबाका. हद्दाद सिरियनच्या दुधाच्या जाहिराती चिकटवतो. पहाटे आमच्या जाहिरातीपुढे खळीची बादली आणि पातं घेऊन उभा होता. सोमवारी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेतील. मला त्याच्यामागचा हद्दाद हवाय."

"आणि अबाकाने केलंच नसलं तर?"

"पातं होतं त्याच्याकडे."

"गावातल्या प्रत्येक न्हाव्याकडे आहे," यांक्सन म्हणाले आणि उठले.

दुकानाच्या पायरीवर अजुआ बसली होती. गावभर फिरून रिकामे डबे गोळा करायचे आणि पत्रेवाल्याला विकायचे, त्यांच्या तो रॉकेलच्या चिमण्या करायचा, हा तिचा धंदा. पोट पुढे आलेलं, तरी डोक्यावरची टोपली काही सुटली नव्हती. यांक्सनना बघून ती हसली.

"सार्जंटबाबा, घरी डबे साठले असतील. चहात दूध जास्त घालता तुम्ही, पोट सांगतंय."

"माझं पोट सांगतंय, आणि तुझं काय सांगतंय?"

"माझं म्हणतंय, आता थोडेच दिवस." तिने टोपली उचलली. टोपलीत बिस्किटांचे लाल डबे होते, सार्डिनचे पिवळे डबे होते, आणि दुधाचे डबे नुसते पांढरे, लखलखीत. यांक्सन टोपलीला हात देऊन पुढे निघाले. त्यांच्या डोक्यात अबाका होता.

२

कोठडीत अबाका गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"मी नाही कापली, बाबा. मी बघत होतो."

"काय बघत होतास?"

"काम. कापणाराचं काम." अबाकाने मान वर केली. "मी जाहिराती चिकटवतो तशा खरवडतोही. वाळलेली जाहिरात ओढली की चिंध्या होतात. ही चिंध्या न होता निघालीय. आधी पाण्याने भिजवलीय, वाट बघितलीय, मग कडेने पातं फिरवलंय. माझी बायको जखमेवरची पट्टी काढते ना, तशी. आम्हाला एवढा वेळ कोण देतो?"

यांक्सन थेट हद्दादच्या दुकानात गेले. जाडजूड सलीम हद्दाद या किनाऱ्यावर इतकी वर्षं काढून बसला होता की इथल्या फँटी भाषेत शिव्या तो कोळ्यांपेक्षा सफाईने द्यायचा.

"मी? मी कापीन?" त्याने कपाळाला हात लावला. "सार्जंट, मला जाहिरात बिघडवायची असती तर मी दुधाचं नाव फाडलं असतं. डबा फाडला असता. नाव ठेवलंय, डबा ठेवलाय, लोक अजून वाचतायत. आणि ते कापलेलं तोंड गेलं कुठे? फाडणारा माणूस खाली टाकतो. गटारात एक तरी सापडलं का तुम्हाला?"

सापडलं नव्हतं. यांक्सननी बाजाराची सगळी गटारं सकाळीच काठीने ढवळली होती.

म्हणजे कापणाराला जाहिरात घालवायची नव्हती. त्याला तोंड हवं होतं.

३

टँडोच्या स्टुडिओचं कुलूप शाबूत होतं. कॅमेरा जागेवर, घड्याळ जागेवर. फडताळात काचा पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या होत्या, त्यातली एक तेवढी नव्हती.

"दिवसाढवळ्या गेलीय," टँडो म्हणाला. "दार उघडंच असतं. माणसं येतात, पाणीवाली येते, डबेवाली येते, पाद्री येतो. मी आत अंधाऱ्या खोलीत असलो की मला काय कळणार?"

"गेलेली काच कुणाच्या मुलाची?"

"अबान बाईंच्या." टँडोने नजर वळवली. "सुदृढ बालक स्पर्धेत पहिला आला तो. जाहिरातीखाली नाव छापलंय की, मास्टर अर्नेस्ट अबान."

यांक्सननी फडताळाकडे पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. प्रत्येक काचेच्या कडेला चिठ्ठी होती, आणि खालच्या ओळीत एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'अबान'.

"टँडो, ही काय मग?"

टँडोच्या कपाळावर घाम आला. "ती... ती दुसरी."

यांक्सननी काठी उचलली. ते कारकुनांच्या आळीत अबानच्या घरी गेले. शार्लट अबान बाईंनी लिंबाचं सरबत दिलं, खुर्चीवरचं लेसचं कापड नीट केलं. अर्नेस्ट अंगणात कोंबडीमागे धावत होता. त्याचे कान सुपासारखे बाहेर आलेले होते. जाहिरातीतल्या बाळाचे कान डोक्याला चिकटलेले होते, हे अख्ख्या गावाला पाठ होतं.

"बाईसाहेब," यांक्सन हळूच म्हणाले, "ते तोंड याचं नाही."

शार्लट बाईंचा चेहरा उतरला. "फोटोच्या वेळी हा रडला. मान हलली, सगळं पुसट आलं. बेंटिल म्हणाले, फोटो दुसऱ्या बाळाचा घेऊ, नाव तुमच्याच मुलाचं राहील, काय बिघडतं? नवऱ्याची नोकरी बेंटिलच्या ओळखीची. रोज चर्चला जाताना बायका मला म्हणतात, फोटोत किती गोड दिसतो हो, प्रत्यक्षात नाही तसा." त्यांनी डोळे टिपले. "तुम्हाला वाटत असेल मी कापली. पुष्कळदा मनात आलं. पण कापली असती तर खालचं नाव कापून घरी ठेवलं असतं. तेवढंच माझ्या अर्नेस्टचं आहे तिथे."

मग ते बाळ होतं कुणाचं?

४

टँडोने दुसऱ्या खेपेला फार ताणलं नाही. पेटीच्या तळातून त्याने एक फोटो काढला आणि पालथा टेबलावर ठेवला.

"काचेवरून काढलेला पहिला. माझ्यासाठी ठेवला होता. आयुष्यात इतका चांगला फोटो मी काढला नाही, सार्जंट. खाली माझं नाव छापलं नाही त्यांनी, ते सोडा."

यांक्सननी फोटो सुलटा केला. तेच हसू, तेच चिकटलेले कान. पण दोन्ही गालांवर तीन तीन बारीक चिरे होते, पात्याने मारलेले.

"हे जाहिरातीत नाहीत."

"विलायतेत छापताना पुसले. बेंटिलनीच कळवलं, गाल गुळगुळीत करा म्हणून."

असे चिरे कुणाला मारतात ते यांक्सनना सांगायला नको होतं. ज्या बाईची मुलं एकामागून एक जातात, तिचं तेच एक मूल पुन्हा पुन्हा येतं आणि परत जातं, असं इथे मानतात. मग ते राहावं म्हणून त्याला विद्रूप करतात, घाणेरडं नाव ठेवतात, म्हणजे मरणाला ते घ्यावंसं वाटत नाही.

"कुणाचं मूल?"

"नाव विचारलं नाही. स्पर्धेत सगळ्यांचेच फोटो काढले. गालामुळे त्याला बक्षीस मिळालं नाही."

यांक्सननी एक काच उजेडात धरली. काचेत सगळं उलटं दिसतं, काळं पांढरं, पांढरं काळं. ओळखीचा पाद्रीसुद्धा त्यात भुतासारखा दिसत होता. चोराला चिठ्ठी वाचायची असती तर त्याने 'अबान' उचलली असती. चोराने चिठ्ठी वाचलीच नव्हती. शेकडो काळ्यापांढऱ्या भुतांतून त्याने एक चेहरा ओळखून काढला होता.

असा चेहरा जगात एकच माणूस ओळखतं.

दवाखान्यात नर्स डायना एशुन यांनी फोटो हातात घेतला आणि खाली बसल्या.

"सुमिना," त्या म्हणाल्या. सुमिना म्हणजे उकिरडा. "स्पर्धेच्या दिवशी मीच वजन केलं होतं. दणकट पोर. आणि ते तोवर निव्वळ आईच्या अंगावर पीत होतं, सार्जंट. डब्याच्या दुधाचा थेंब त्याच्या पोटात गेला नव्हता. जाहिरातीत जे गाल दिसतात ना, ते आईच्या दुधाचे."

"आता कुठे असतो?"

"हरमटनच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्यात गेला. जुलाब. माझ्याकडे आणला तेव्हा बाटलीत पाणी होतं, दुधाचा नुसता रंग. मी बेंटिलना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं हो सगळं, अगदी सभ्यपणे. जाताना मला कॅलेंडर दिलं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडरवर सुमिना हसत होता.

"त्याची आई, नर्सबाई?"

"तुम्ही रोज बघता तिला," एशुनबाई म्हणाल्या. "डबे गोळा करते."

आणि यांक्सनच्या डोळ्यांपुढे ती टोपली आली. बिस्किटांच्या डब्यांना कागद होता, सार्डिनच्या डब्यांना कागद होता. फक्त दुधाचे डबे सोललेले होते.

५

खाजणापलीकडे पत्रेवाल्याच्या आवारात अजुआची खोली होती. तिने यांक्सनना स्टूल दिलं, पाणी दिलं. नाकारलं काहीच नाही. पलंगाखालून टोपली ओढून त्यांच्यापुढे ठेवली.

टोपलीत तोंडंच तोंडं होती. मोठी जाहिरातींची, छोटी डब्यांच्या कागदांची, एकावर एक नीट रचलेली. प्रत्येक गालावर पात्याने तीन चिरे मारलेले होते. सगळ्यांत तळाशी काच होती. तिच्यावरही सुईने ओरखडे काढले होते.

"याच्या आधी तीन गेली, बाबा," अजुआ म्हणाली. "तेच एक पोर. येतं, तोंड दाखवतं, जातं. चौथ्या खेपेला माझ्या आजीने पातं घेतलं, गाल चिरले, नाव ठेवलं उकिरडा. उकिरडा कोण उचलून नेतं? राहिला. पाय टाकायच्या बेतात होता."

"मग?"

"मग ती दुधाच्या कंपनीची गाडी आली. बाजा वाजवणारी. टोपीवाली बाई म्हणाली, अंगावर पाजतात ती रानातली माणसं, शहरातल्या आया डबा देतात. डबे फुकट दिले. मला वाटलं, माझंही पोर शहरातलं होऊ दे. अंगावरचं तोडलं. आटलं. डबे संपले." ती थांबली. "मग विकत आणायचे. एक डबा पुरवायचा, पुरवायचा. पाणी वाढवत गेले. पांढरं दिसत होतं ना, बाबा. पांढरं दिसतंय तोवर मला दूधच वाटायचं."

बाहेर पत्रेवाला हातोडी मारत होता.

"गेला. पाऊस येऊन गेला. आणि एक दिवस बाजारात बघते तर भिंतीवर बसलाय. हसतोय. गाल गुळगुळीत. कुणी पुसल्या हो त्याच्या खुणा? आता तो पुन्हा येतोय." तिने पोटावर हात ठेवला. "आणि मरणाने त्याचं तोंड नाक्यानाक्यावर बघून ठेवलंय. येताक्षणी ओळखेल. म्हणून काढतेय. तो यायच्या आत सगळी काढली पाहिजेत."

खुळेपणा म्हणून सोडून द्यावं तर यांक्सनना तेही जमेना. त्यांच्या स्वतःच्या धाकट्या भावाचं नाव डोंको, म्हणजे गुलाम, होतं, आणि तो जगला होता.

"पोरी, तुझ्यापायी एक माणूस आत आहे."

"कोण?"

"कोजो अबाका. सोमवारी त्याला शिक्षा होईल."

अजुआने पोटावरचा हात काढला. "मला कुणी सांगितलं नाही. देवाशपथ, बाबा, मला कुणी सांगितलं नाही."

"हे बघ, सकाळी मँकेसिमची लॉरी जाते. माहेरी जा. अबाकाला मी सोडवतो. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

तिने मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी बेंटिलच्या कचेरीत यांक्सननी हद्दाद, टँडो आणि एशुनबाईंना बोलावून घेतलं, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. कागद भिजवून काढला, म्हणजे तोंड जपून हवं होतं. नाव आणि डबा तसेच ठेवले, म्हणजे धंद्याचं वैर नाही. अबानची काच जागेवर आहे, म्हणजे चोराला खरं बाळ कोण ते ठाऊक होतं. ते अबाकाला ठाऊक नव्हतं, हद्दादला नव्हतं. टँडोला होतं, पण त्याला स्वतःची काच चोरायची गरज नव्हती.

"ते बाळ मेलंय, बेंटिलसाहेब. तुम्ही मेलेल्या पोराच्या तोंडाने दूध विकताय. त्याच्या घरच्यांनी ते तोंड परत नेलं. तक्रार मागे घ्या, उरलेल्या जाहिराती उतरवा. एवढंच मागतोय."

बेंटिलनी खिशातून रुमाल काढला. ते काही दुष्ट नव्हते. मान पुसत म्हणाले, "सार्जंट, जहाज आजच लागलंय. होड्या माल उतरवतायत. प्रत्येक खोक्यावर तेच तोंड आहे. फ्रीटाउनपासून लागोसपर्यंत तेच लागणार. मी सॉल्टपाँडच्या चार भिंती उघड्या केल्या तर कंपनी दुसरा एजंट बघेल, बाकी काही होणार नाही. आणि तक्रार मागे घेतली तर म्हणतील, एजंटानेच कापली. मला नाव द्या, अबाका सुटेल."

"नाव नाही."

"मग अबाका आहेच."

यांक्सननी हद्दादकडे पाहिलं. हद्दादने खांदे पाडले. "माझ्याकडे बघू नका. पुढच्या महिन्यापासून मीही हेच दूध ठेवणार. बायका येतात, म्हणतात हसरं पोर द्या. माझ्या डब्यावर गाय आहे. गाय कोण मागतं?"

एशुनबाई उठून खिडकीपाशी गेल्या. तेवढ्यात दारात ठाण्याचा शिपाई आला. त्याने यांक्सनना सवयीने सलाम ठोकला.

"बाबा, डबेवाली आलीय ठाण्यात. टोपली घेऊन. म्हणते, त्या माणसाला घरी जाऊ द्या."

७

लॉरी सकाळीच गेली होती. अजुआ तिच्यात चढली नव्हती.

मॅजिस्ट्रेटने दंड सांगितला, तो तिला भरता येण्यासारखा नव्हता. यांक्सन आपलं घड्याळ घेऊन सोनाराकडे जाऊन आले, एशुनबाईंनी बांगड्या काढल्या, तरी पुरलं नाही. तिला तुरुंगात नेलं. पुरावा म्हणून टोपली कोर्टात राहिली आणि कज्जा संपल्यावर जाळून टाकली.

अबाका सुटला. त्याने यांक्सनचे पाय धरले. पण तुरुंगातून आलेल्याला हद्दादने परत घेतलं नाही, आणि महिनाभराने बेंटिलनीच त्याला ठेवला. गावात त्याच्याइतकं साफ कुणी चिकटवत नसे. या खेपेच्या जाहिराती मोठ्या होत्या, आणि अबाकाने त्या वर, हात पोचणार नाही अशा चिकटवल्या. यांक्सन बाजारातून जाताना तो शिडीवरून खाली बघायचा नाही.

मुलगी झाली असं एशुनबाईंनी कळवलं, तेव्हा यांक्सन केंकीचे मक्याचे उंडे आणि तळलेले मासे फडक्यात बांधून तुरुंगात गेले. दारावरच्या शिपायाने झडती घेऊन त्यांचा खिशातला चाकू काढून ठेवला.

अजुआ चटईवर बसली होती, पार खंगलेली. मुलगी मांडीवर होती, शेजारी एशुनबाई होत्या.

"तोच आहे, बाबा," ती लगबगीने म्हणाली. "मुलगी होऊन आलाय. कान बघा."

कान डोक्याला चिकटलेले होते.

"पातं द्या. या बायका देत नाहीत. छोटंसं मारते, तीन इकडे, तीन तिकडे. रडणारही नाही ती."

"अजुआ, जखम चिघळेल," एशुनबाई म्हणाल्या. "इथे किती घाण आहे बघ."

"मग नाव तरी. नाव सुमिनाच ठेवा."

एशुनबाईंनी यांक्सनकडे पाहिलं. "पाद्रीबाबा सकाळी येऊन गेले. ग्रेस ठेवलंय."

"सुंदर नाव," अजुआ म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते यांक्सनना बघवेना. "इतकं सुंदर नाव कुणाला ऐकू जाणार नाही, असं वाटतं का हो तुम्हाला?"

तिला दूध उतरलं नव्हतं. खिडकीत एक डबा उघडून ठेवलेला होता. तुरुंगाला ते दूध मोफत मिळायचं. यांक्सन उठले, डबा हातात घेतला, त्यावरचं हसरं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं आणि बाहेर आले.

शिपायाने चाकू परत दिला. यांक्सन तो हातात धरून तसेच उभे राहिले.

"अरे, हा घेऊन क्षणभर आत जाता येईल का मला?"

"सार्जंटबाबा," शिपाई ओशाळून म्हणाला, "हा नियम तुम्हीच शिकवलात आम्हाला."

"शिकवला खरा."

आतून मुलीचं रडणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. कुणीतरी तिला पाजायला घेतलं होतं.